घासलेलीं नाणीं

जुन्या नाण्यांचा संग्रह करण्याचा छंद आमच्या सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं चांगलाच वाढला आहे. लहानपणीं पोस्टाचीं तिकिटें नि काड्यापेट्यांवरचीं चित्रें जमविणारी मंडळी मोठेपणीं शिवराई, ढब्बू पैसा आणि सातवाहनांचीं नाणीं जमवूं लागली, तर इतिहासावर प्रेम करणाऱ्या कोणासहि त्याचा आनंदच वाटेल. आम्हांसहि तो वाटतो. परंतु या छंदाच्या मागोमाग एक खोड आमच्यांत शिरली असून, तिच्यामुळें एका हातानें इतिहास गोळा करावयाचा आणि दुसऱ्या हातानें तो मोरींत ओतावयाचा, असा प्रकार चालला आहे. ही खोड म्हणजे तांब्याचें जुनें नाणें हातीं आलें कीं तें घासून लख्ख करण्याची.

नाण्यांच्या विक्रीचें कोणतेंहि प्रदर्शन पाहावें. दोन हजार वर्षें मातींत पडून राहिलेलें नाणें तेथें नव्या कळशीसारखें गुलाबी चकाकत असतें, आणि विकणारा तें मोठ्या अभिमानानें पुढें करून म्हणतो, “बघा साहेब, कसं स्वच्छ केलंय!” साहेबहि खूष होतात. त्याच नाण्याच्या शेजारीं एखादें हिरवट काळसर, पण अक्षर न् अक्षर शाबूत असलेलें भावंड पडलेलें असतें. त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं. परदेशांतील जाणत्या संग्राहकांची चाल नेमकी याच्या उलट आहे. घासलेलें तांब्याचें नाणें ते दुय्यम समजतात आणि त्याच्या वर्णनांत ‘घासलेलें’ हा शब्द व्यंग म्हणून नोंदवितात. आमच्याकडे तोच शब्द प्रशस्तिपत्र झाला आहे.

या खोडीचें मूळ शोधूं गेल्यास तें बाजारांत नव्हे, तर आमच्या स्वयंपाकघरांत आणि देवघरांत सांपडतें. तांबें म्हटलें कीं तें लखलखलेंच पाहिजे, हा संस्कार आम्हांवर जन्मापासून झालेला असतो. ताम्हन, पंचपात्री, पळी, पाण्याची घागर यांना चिंच आणि राख लावून रोज उजळणें हें नीटनेटक्या घराचें लक्षण. काळवंडलेलें ताम्हन पाहुण्याच्या दृष्टीस पडणें ही गृहिणीला लाज. हा संस्कार चांगला आहे, भांड्यापुरता शास्त्रशुद्धहि आहे, आणि त्याची थट्टा करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. पण भांडें हें वापरण्यासाठीं असतें आणि नाणें, एकदां तें चलनांतून गेलें म्हणजे, वाचण्यासाठीं असतें. जुनी पोथी मळली म्हणून कोणी ती साबण लावून धूत नाहीं. नाण्याच्या बाबतींत मात्र शिकलेसवरलेले लोक तेंच करतात, आणि तें स्वच्छतेच्या नांवाखालीं करतात.

विशेष म्हणजे चिंच तांब्याचें काय करते, हें आमच्या आयाआज्यांना पक्कें ठाऊक होतें. बिनकल्हईच्या भांड्यांत आंबट वरण किंवा ताक ठेवलें कीं तें कळकतें, म्हणून कल्हईवाल्याची हांक आली कीं घरांतलीं सारीं भांडीं अंगणांत निघत. कळकणें म्हणजे तरी काय? आंबटानें भांड्याचें तांबें विरघळून अन्नांत उतरणें, हेंच. वरणाला जी हिरवट कडू चव येते ती भांड्याची असते. मग चिंचेच्या कोळांत रात्रभर भिजविलेल्या नाण्याखालीं सकाळीं जें हिरवें पाणी सांचतें, तें काय मळाचें पाणी समजावयाचें? तें नाणेंच आहे. चिंचेंतलें टार्टारिक आम्ल काय, लिंबांतलें सायट्रिक आम्ल काय, दोन्ही तांब्याच्या गंजास विरघळवितात आणि त्याबरोबर त्या गंजांत जें कांहीं टिकून राहिलेलें असतें त्यासहि घेऊन जातात.

आणि टिकून राहिलेलें असतें तें थोडेंथोडकें नव्हे. जमिनींत पुरलेल्या तांब्याचा वरचा भाग हळूहळू खनिजांत पालटतो. धातूच्या अंगालगत क्युप्राइट नांवाचा तांबूस थर बसतो, त्यावर बहुधा मॅलाकाइटचा हिरवा थर चढतो. आतां सामान्य माणसाची समजूत अशी कीं खरें नाणें या थरांच्या खालीं, जणूं पांघरुणाखालीं, जसेंच्या तसें निजलेलें आहे. पांघरूण ओढलें कीं तें उठून बसेल. वस्तुस्थिति तशी नाहीं. ज्या पृष्ठभागावर टांकसाळीचा ठसा उमटला होता तो पृष्ठभाग स्वतःच खनिज झालेला असतो. अक्षरें, ठिपके, हत्तीची सोंड, सारें कांहीं त्या थरांतच शिल्लक असतें. खालच्या उघड्या धातूवर असतात ते केवळ खड्डे. म्हणून थर काढून टाकणें म्हणजे पोथीवरची धूळ झटकणें नव्हे, पोथीचीं पानें फाडून पुठ्ठा घांसूनपुसून ठेवणें होय. कधीं कधीं तर या गंजांत, ज्या फडक्यांत नाणीं बांधून पुरलीं होतीं त्याची वीणसुद्धां उमटलेली असते. कापड केव्हांच कुजून गेलें. त्याची आठवण तेवढी तांब्यानें जपली. ब्रशाचे दोन फराटे, आणि तीहि गेली.

हें सारें आम्ही जालना जिल्ह्याकडे पाहून लिहीत आहों, आणि त्याला कारण आहे. जिल्हा म्हणून जालन्याचें वय लहान. १ मे १९८१ रोजीं तो झाला. त्यापूर्वीं हा मुलूख औरंगाबाद नि परभणी या जिल्ह्यांत आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. पण जमिनीचें वय जिल्ह्याच्या वयावर मोजीत नाहींत. केळना नदीच्या कांठचें भोकरदन म्हणजे जुनें भोगवर्धन. तेथील लोकांनीं दिलेल्या दानांचे लेख दूर मध्य हिंदुस्थानांत सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर कोरलेले आहेत. नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांच्या वतीनें शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनीं १९७३ सालीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनकालीन भरभराटीचें एक नगर उजेडांत आलें. तेथें मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा हा, इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेंत गडप झालेल्या आणि १९३८ सालीं इटलींत पाँपेई येथें सांपडलेल्या सुप्रसिद्ध हिंदी मूर्तीशीं इतका जुळता आहे, कीं ती मूर्ति याच भागांतून तिकडे गेली असावी असें कांहीं विद्वानांस वाटतें. ‘जालना सोन्याचा पालना’ अशी म्हण आहे. सोन्याचें ठाऊक नाहीं. पण या पालन्यांत तांबें आणि शिसें पुष्कळ निजलेलें आहे. अशा मुलखांत नांगराच्या फाळाला किंवा पहिल्या पावसानंतर बांधावर एखादें नाणें लागणें ही नवलाची गोष्ट नव्हे. नवल हेंच कीं त्याची रवानगी प्रथम चिंचेच्या वाटींत होते.

सातवाहनांच्या नाण्यांस ही वाटी विशेष घातक आहे. एक तर तीं नाणीं पुष्कळ वेळां निर्भेळ तांब्याचीं नसून तांबें, शिसें नि कथील यांच्या मिश्रणाचीं, ज्यास पोटीन म्हणतात त्याचीं, असतात. आम्ल लागलें कीं असल्या मिश्रणाचा पृष्ठभाग सच्छिद्र होऊन बसतो. दुसरें, त्यांवरील ब्राह्मी लेख कांठाकांठानें फिरतो, आणि ठसा मोठा व नाणें लहान असल्यामुळें प्रत्येक नाण्यावर त्याचा एखादा तुकडाच येतो. एकावर ‘रञो सिरि’ एवढेंच, दुसऱ्यावर नांवाचा मध्य, तिसऱ्यावर शेवटचा ‘णिस’. दहा नाणीं शेजारीं मांडावीं तेव्हां एक राजा उभा राहावा, असा हा खेळ आहे. आजच्या वाशीम जिल्ह्यांतील तऱ्हाळें या गांवीं १९३९ सालीं सुमारें सोळाशें पोटीन नाण्यांचा सांठा निघाला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं तो वाचला आणि कुंभ सातकर्णि, कर्ण सातकर्णि, शक सातकर्णि हे पुराणांच्या याद्यांत न आढळणारे राजे इतिहासाच्या पटावर आले. एका अक्षराच्या मात्रेवर एक राजा तरतो नि बुडतो, अशी ही नाजूक गोष्ट. तो सांठा सांपडल्या दिवशींच कोणी हौशी माणसानें ‘स्वच्छ’ केला असता, तर ते तीन राजे आज कोठें असते? मोरींत.

पुसट दिसतें तें टाकाऊ, ही समजूतहि अशीच अडाणीपणाची. नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा सांठा मिळाला. त्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. तीं नाणीं रुप्याचीं, म्हणून तांब्याच्या वादांत त्यांची साक्ष काढणें कोणास आडमार्गी वाटेल. पण मुद्दा धातूचा नाहीं. वरच्या ठशाखालीं नहपानाचा जो अर्धवट दबलेला चेहरा राहिला होता, त्यानेंच कोणी कोणाचें राज्य घेतलें याचा डोळ्यांदेखतचा पुरावा दिला. नाण्यावरची सर्वांत पुसट रेघ हीच कित्येक वेळां सर्वांत मोलाची असते, आणि घासण्यानें प्रथम जाते तीच. जालन्याहून फार दूर नसलेल्या दौलताबादेच्या टांकसाळींत महंमद तुघलकानें इ. स. १३३० च्या सुमारास पाडलेल्या पितळी-तांब्याच्या सांकेतिक नाण्यांचीहि हीच कथा आहे. त्या नाण्यांच्या नकला त्याच काळांत लोकांनीं पाडल्या, इतक्या कीं सुलतानास ती योजना गुंडाळावी लागली. आज अस्सल कोणतें नि त्या काळची नक्कल कोणती, याचा निवाडा करणाऱ्याला घडणीची बारीकशी खूणहि हवी असते. पूड लावून घासलीं कीं दोन्ही सारखींच पिवळीं.

शिवराईबद्दल तर बोलतांना आम्हांस शब्द आवरावे लागतात. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनीं पाडलेलें हें तांब्याचें नाणें. एका अंगास ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’. पुढें पेशवाईंत आणि त्यानंतरहि त्याच नांवानें तें निरनिराळ्या ठिकाणीं पाडलें गेलें आणि इंग्रजी अमदानींतसुद्धां खेड्यापाड्यांतून चालत राहिलें. त्यामुळें हातांतली शिवराई महाराजांच्या काळची, कीं शंभर वर्षांनंतरची दुदांडी, हें ठरवावयाचें तें अक्षरांच्या वळणावरून: ‘शिव’ आहे कीं ‘सिव’, ‘ति’ ऱ्हस्व कीं दीर्घ, भोंवतीं ठिपक्यांची माळ आहे कीं साधी रेघ, मधल्या दोन आडव्या दांड्या आहेत कीं नाहींत. ज्यांच्या घरांत महाराजांची तसबीर भिंतीवर आहे, ज्यांचा महाराजांच्या नांवानें ऊर भरून येतो, त्याच घरांत त्यांचें नाणें भांडीं घासण्याच्या पुडीनें घासून त्याची वेलांटी पुसून टाकली जाते. ही भक्ति कसली?

येथें एक खुलासा करून ठेवूं. कित्येक घरांत देव्हाऱ्यांत, टाकांच्या शेजारीं, पिढ्यान् पिढ्या एखादी शिवराई पूजेंत असते. तिला रोज स्नान घडतें, सणावारीं पंचामृत लागतें, हळदकुंकवानें ती माखते, आणि शेवटीं ती गुळगुळीत चकती होऊन जाते. तिच्याबद्दल आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. ती त्या घरचा देव आहे. आमचें भांडण त्यांच्याशीं आहे, जे नाण्यास पुरावा म्हणतात, त्याच्या पुराव्याबद्दल पैसे मोजतात आणि तोच पुरावा नष्ट करतात.

“पण घासल्याशिवाय वाचतां कसें येणार?” असा प्रश्न आम्हांस नेहमीं केला जातो, आणि तो रास्त आहे. मातीनें पार लिंपलेलें नाणें तसेंच ठेवावें असें आमचें म्हणणें नाहीं. माती काढावी. पण माती आणि गंज या दोन वस्तु आहेत. ऊर्ध्वपातित पाण्यांत नाणें कांहीं दिवस भिजत ठेवावें, पाणी बदलीत राहावें, माती मऊ झाली म्हणजे भिंगाखालीं धरून बाभळीच्या कांट्यानें ती अक्षरांच्या खोबणींतून हलकेंच उचलावी. वेळ लागतो, एका नाण्यास पंधरवडा लागला तर लागूं द्यावा. दोन हजार वर्षें ज्यानें वाट पाहिली त्यास पंधरा दिवसांची घाई नाहीं, घाई आम्हांलाच असते. तेलांत भिजविण्याचा जो उपाय एकमेकांस कानगोष्टीसारखा सांगितला जातो, तोहि निर्दोष नाहीं. तेलांतहि आम्लें असतात, आणि तांब्याच्या भांड्यांत राहिलेलें तेल हिरवें कां होतें याचें उत्तर पुन्हां त्याच कळकण्यांत आहे.

सर्वांत वाईट उपाय म्हणजे मीठ आणि लिंबू. त्यानें तांबें क्षणांत उजळतें, म्हणून तो सर्वांत लोकप्रिय. तांब्याचा खरा रोग निराळाच आहे, आणि तो मिठांतूनच येतो. मिठांतलें क्लोराइड तांब्याच्या अंगांत शिरलें, कीं दमट हवेंत तें तांब्यास खात सुटतें. खाऊन संपत नाहीं, पुन्हां मोकळें होऊन पुन्हां खातें. नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी पूड दिसूं लागते, झटकली कीं चार दिवसांनीं परत येते, आणि खालीं खड्डा पडत जातो. या फेऱ्याचा उलगडा बर्थेलो या फ्रेंच रसायनज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं केला. त्याच सुमारास, १८८८ सालीं, बर्लिनच्या संग्रहालयांत फ्रीडरिश राटगेन याच्या हाताखालीं जुन्या वस्तूंच्या जपणुकीसाठीं स्वतंत्र रसायनशाळाहि निघाली. हवेंतील आर्द्रता ४२ ते ४६ टक्क्यांच्या वर गेली कीं हा रोग जोर धरतो असें मानतात, आणि आमच्या पावसाळ्यांत ती मर्यादा ओलांडली जात नाहीं असा आठवडा विरळा. तात्पर्य, आज मीठ-लिंबानें चकाकलेलें नाणें पुढल्या श्रावणांत हिरव्या पिठानें माखलें, तर त्यांत आश्चर्य मानूं नये. रोगाचें बीं मालकानेंच पेरलेलें असतें.

असल्या रोगी नाण्यावर उपचार करावाच लागतो, आणि तेथें ‘हात लावूं नका’ म्हणणारे सोंवळे लोकहि चुकतात. घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा किंवा तपकिरी थर हा नाण्याचा रक्षक. भुसभुशीत, फिकट पूड हा त्याचा क्षय. हा भेद ज्यास नखाच्या टोंकानें कळत नाहीं त्यानें तांब्याचा संग्रह करूं नये. सोडियम सेस्किकार्बोनेटच्या सौम्य द्रावणांत आठवडेच्या आठवडे भिजवून क्लोराइड काढतात. १९६७ पासून बेन्झोट्रायाझोल नांवाचें द्रव्यहि वापरांत आलें आहे, पण तें विषारी असल्यामुळें घरच्या मोरीवर त्याचे प्रयोग करणें हा वेडेपणा होय. हें काम शिकलेल्या माणसाचें आहे. असें काम करणारी माणसें आपल्या देशांत नाहींत असेंहि नाहीं: पुरातत्त्व खात्यानें आपली रसायनशाखा १९१७ सालींच उघडली, आणि लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा १९७६ पासून चालत आली आहे. नाण्यास शेकडों रुपये मोजणारा संग्राहक सल्ल्यासाठीं एक पत्र टाकावयास कां कचरतो, हें आम्हांस उमजत नाहीं.

व्यापारी म्हणतात, गिऱ्हाईक चकाकी मागतें, आम्ही देतों. हें उत्तर आम्ही ऐकून सोडून दिलें असतें. पण त्यांतलेच कांहीं जण, जाणतें गिऱ्हाईक आलें कीं घासलेल्या नाण्यास गंधकी द्रव्यें लावून खोटा काळेपणाहि चढवून देतात. म्हणजे चकाकीहि विकावयाची आणि चकाकी नसल्याचें सोंगहि विकावयाचें.

मात्र सारा दोष व्यापाऱ्यावर आणि हौशी संग्राहकावर टाकून आम्ही मोकळे होणार नाहीं. सरकारचा कायदाच नाण्याकडे मोडीच्या तांब्यासारखा पाहतो. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किमतीचें पुरलेलें धन ज्यास सांपडेल त्यानें तें जिल्हाधिकाऱ्यास कळविलें पाहिजे. ठीक. पण तें सरकारनें घ्यावयाचें ठरविल्यास मोबदला काय? वस्तूच्या द्रव्याची, म्हणजे धातूची, किंमत आणि वर तिचा पंचमांश. सोन्याच्या हंड्यास हा हिशेब कदाचित् शोभेल. भोकरदनच्या कोरडवाहू शेतकऱ्यास मूठभर सातवाहन नाणीं सांपडलीं, तर त्यास तांब्याचा भाव आणि शेंकडा वीस मिळणार. म्हणजे एका वेळच्या चहापाण्याची सोय. शिवाय कचेरीच्या खेपा पदरच्या. मग तो कळवील तरी कशास? तो तीं नाणीं गुपचूप आठवडेबाजारांत नेतो, आणि नेण्यापूर्वीं, तांबें आहे हें गिऱ्हाइकास दिसावें म्हणून, घासतो. शंभर वर्षांच्या वरचें नाणें ही पुरावस्तु होय असें १९७२ च्या कायद्यानें ठरविलें आणि तें परदेशीं नेण्यास बंदी घातली, हें उत्तम झालें. पण शेताच्या बांधापासून बाजारापर्यंतच्या वाटेवर तें काय भोगतें याची काळजी त्या कायद्यानेंहि वाहिली नाहीं. जो शेतकरी नाणें न घासतां, सांपडलेली जागा दाखवून, कचेरींत आणून देईल त्यास धातूच्या नव्हे तर पुराव्याच्या मोलानें बक्षीस मिळालें पाहिजे, ही मागणी जालन्याच्या लोकप्रतिनिधींनीं करण्यासारखी आहे. लोखंडाच्या सळयांसाठीं आणि बियाण्यांसाठीं ज्या शहराचें नांव देशभर घेतलें जातें, त्यानें आपल्या पायांखालच्या तांब्यासाठीं एवढें बोलावें.

तोंवर ज्यांच्या घरीं आजीच्या पेटींतून चार शिवराया निघतील त्यांना आमचें सांगणें एवढेंच: चिंचेची वाटी परत फडताळांत ठेवावी. नाणें कांठाला धरून उचलावें, कारण हाताच्या घामांतहि मीठच असतें. मऊ प्लॅस्टिकच्या खिशांचीं जीं पुस्तकें बाजारांत मिळतात तीं घेऊं नयेत. तें प्लॅस्टिक कालांतरानें आम्ल सोडतें आणि नाण्यावर हिरवा चिकटा धरतो. प्रत्येक नाणें निराळ्या, आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घालावें, डब्यांत सिलिका जेलची पुडी टाकावी आणि पावसाळ्यांत ती बदलावी. पाकिटावर शिसपेन्सिलीनें नाणें कोठून आलें तें लिहावें, आणि लिहितांना नुसतें ‘मराठवाडा’ असें न लिहितां गांवाचें, शिवाराचें आणि ज्यांच्याकडून तें घरांत आलें त्यांचें नांव लिहावें.